नीट बसलं पाहिजे

१४ जानेवारी

आज मी मोडण्यासाठी म्हणून एक वस्तू बनवायची ऑर्डर घेतली. उद्या वाचताना हात चुकला असं वाटायला नको, म्हणून पुन्हा लिहितो: मोडण्यासाठी.

अंतराळ केंद्राची मंडळी मंगळावर एक गाडी पाठवणार आहेत. सहा चाकं, ड्रायव्हर नाही, वेग आमच्या शेजारच्या काकूंपेक्षा कमी, आणि त्या काकू गुडघे धरून चालतात. ही गाडी एका चार पायांच्या ओट्यावर बसून खाली उतरणार. ओट्याला ते लँडर म्हणतात. लँडरचे पाय मी करायचे. पाय म्हणजे नळीत नळी, आणि मोठ्या नळीच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक लांबट ठोकळा. जमिनीला टेकताना ते पोळं चेचलं जाणार आणि धक्का गिळणार. एकदाच. पुढे ते पाय भंगार.

"म्हणजे एकदा वापरून फेकायचे?" मी मीटिंगमध्ये विचारलं.

"फेकायला तिथे कोण आहे?" एकजण म्हणाला आणि सगळे हसले. त्यांच्यात एवढ्यावर हसतात.

मी ट्रकचे शॉकअप बनवतो. माझे शॉकअप लावलेले ट्रक भंगारात गेले, शॉकअप काढून लोकांनी दुसऱ्या ट्रकला लावले. हा धंदा मी शाळेत शिकलो नाही. दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये ट्रकखाली उताणा पडून शिकलो. बाजूने कोण चाललंय ते बुटांच्या आवाजावरून सांगायचो. आजही कारखान्याच्या दारात उभं राहून कुठलं मशीन कुरकुरतंय ते सांगतो. माणसाचंही तसंच. तोंड काय बोलतं त्याकडे मी फार लक्ष देत नाही, आवाज कुठे घासतो ते ऐकतो. केंद्रातल्या मंडळींचा आवाज कुठेच घासत नाही. जन्मात काही उचललं नाही की आवाज असा गुळगुळीत राहतो.

आमची एकुलती कन्या त्यांच्यातच आहे. ती इंजिनिअर झाली तेव्हा मी कारखान्याची नवी पाटी रंगवून घेतली होती, शेवटी ठळक अक्षरात 'आणि कन्या'. रंग वाळायच्या आत ती केंद्रात नोकरीला लागली. पाटी स्टोअरमध्ये आडवी टाकली आहे. ग्रीसचे डबे ठेवायला बरी पडते.

लँडरचे पाय तिच्याच खात्याचे. टेंडर उघडताना ती खोलीबाहेर जाऊन बसली. नियम आहे म्हणे. मला वाटतं, लाज.

ही डायरी बेअरिंगवाल्याने दिली. दर वर्षी देतो, दर वर्षी तीत आमच्या हिच्या किराणाच्या याद्या होतात. यंदा मीच लिहिणार. मंडळी जे बोलतात ते कुठेतरी लिहून ठेवण्यासारखं आहे.

१९ जानेवारी

रविवार. कन्या जेवायला आली होती. केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहते, रविवारी येते, जेवताना फोन उलटा घालून ठेवते आणि दर दोन घासांनी सरळ करून बघते.

मी म्हटलं, "पोळं कशाला? माझा तेलाचा शॉकअप घे. हजारो धक्के खातो."

"बाबा, आम्हाला हजारो नकोत, एकच पाहिजे. आणि तेल तिथल्या थंडीत थिजेल."

"मग स्प्रिंग घाल."

"स्प्रिंग घेतलेला धक्का परत देते. लँडर वर उडेल, आणि मग कुठल्या अंगावर पडेल ते सांगता येत नाही. आडवा पडला की संपलं. सरळ करायला तिथे कोणी नाही."

"इथून सांभाळा की. बटणं कशाला ठेवली आहेत?"

"इथला निरोप तिथे पोचायला कित्येक मिनिटं लागतात. तो खाली येतोय असं आम्हाला कळेल तेव्हा तो येऊन गेलेला असेल. त्याचं त्यानेच उतरायचं आहे."

"पॅराशूट आहे ना?"

"आहे. पण तिथली हवा विचित्र. अंगाची आग व्हावी एवढी आहे, अलगद उतरावं एवढी नाही. म्हणून आधी तापायची ढाल, मग पॅराशूट, मग रॉकेटं, आणि शेवटचा दणका माझ्या पायांवर."

एवढं सगळं करून शेवटी दणका आहेच. आणि यांना आम्ही शास्त्रज्ञ म्हणायचं.

एक गोष्ट मात्र कान टवकारून ऐकली. केंद्रात दुसरं एक खातं आहे, त्याचा प्रमुख म्हणतो पाय नकोतच, सगळं बोचकं हवेच्या पिशव्यांत गुंडाळा आणि टाका, उड्या मारत थांबेल कुठेतरी. मी त्याचं नाव फुगेवाला ठेवलं. फेब्रुवारीअखेर केंद्रात पाडणी आहे. म्हणजे लँडरचा लोखंडी सांगाडा दोरखंडाने उचलायचा आणि माझ्या पायांवर खाली सोडायचा. पाय चालले तर पाय. नाही चालले तर समिती फुगे घेणार, कन्येचं खातं बंद, आणि तिची आत्तापर्यंतची सगळी वर्षं पाण्यात.

"म्हणजे हिचे पाय तुमच्या हातात," आमची ही वाढताना म्हणाली.

"हिचे नाही. लँडरचे."

"तेच ते."

२ फेब्रुवारी

कन्येचा फोन. मागे दहाजण बोलत होते. एका खोलीत दहाजण बोलतात त्याला ते काम म्हणतात.

"बाबा, एकच लक्षात ठेवा. पोळं नीट बसलं पाहिजे. अर्धवट बसलं, तिरकं बसलं, तर सगळं गेलं."

मी म्हटलं, "बाईसाहेब, वस्तू नीट बसवणं हे मला तुम्ही शिकवू नका. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून बसवतोय."

"मला माहीत आहे हो," ती म्हणाली. हसत होती. पण आवाज दमलेला होता, पट्टा सैल झालेल्या मोटरसारखा.

११ फेब्रुवारी

आज केंद्राचे एक तपासनीस आले. मी त्यांना भिंगवाले म्हणतो, कारण गळ्यात चष्म्याच्या दोरीला भिंग बांधलेलं असतं. पांढरे हातमोजे घातले, एकेक पोळं मोजलं, नळ्या मोजल्या, नळ्यांत डोकावले, पुन्हा एकेक पोळं मोजलं. चहा तीनदा थंड होऊ दिला. एकाही तुकड्यात खोट सापडेना तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडला की मला वाटलं, त्यांच्या समाधानासाठी एक तरी खोट काढून द्यावी. शेवटी प्रत्येक तुकड्यावर शिक्का मारला आणि गेले. जोडणी पाहायला थांबले नाहीत. त्यांच्या कागदात जोडणी म्हणजे किरकोळ काम.

त्यांची गाडी वळल्यावर फोरमनने पहिला पाय जोडून माझ्या हातात दिला. सवयीने मी तो कानाशी धरून हलवला.

खडखड.

दुसरा. खडखड. चारही तसेच. पोळं आणि नळी यांच्यात केंद्राने दिलेल्या चित्रातच फट ठेवलेली. सगळ्या बाजूंनी दोन पोस्टकार्डं आरामात मावतील एवढी. एवढी ढिलाई मी शिकाऊ पोराला करू देत नाही, आणि इथे कन्येच्या खात्याने सहीनिशी मागितलेली. हे यांचं नीट बसणं!

"फोरमन, पातळ पितळी बुश कातून घे. पोळ्यावर चढव आणि मग नळीत दाबून बसव."

"मालक, चित्रात बुश नाही."

"चित्रात खडखड लिहिली आहे का?"

"नाही."

"मग? ती कुठून आली?"

फोरमन पितळ शोधायला गेला. त्याला पगार मी उत्तरांसाठी देतही नाही.

शेवटचा हात मी स्वतः फिरवला. बुश म्हणजे फट भरायचं पितळी नळकांडं. ते असं गेलं की नळीच्या तोंडातून हवा 'हुस्स' करून बाहेर आली. हा आवाज मला कुठल्याही गाण्याहून प्रिय आहे. मग पाय हलवून पाहिला. चिडीचूप. बाळ झोपल्यासारखा.

कन्येला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मीटिंग बोलावली असती. पायांवर सील लावलं आणि पेटीत भरले.

२७ फेब्रुवारी

पाडणी झाली. मला मागच्या रांगेत खुर्ची. छातीवर 'पुरवठादार' असा बिल्ला. लग्नात आचाऱ्याला मिळतो तेवढा मान.

मोठा हॉल. छताला दोरखंड, त्याला लोखंडी सांगाडा. मंगळ कमी जोराने ओढतो म्हणून सांगाडाही हिशेबाने हलका केलेला. खाली वाळू आणि दगड, मुद्दाम पसरलेले. आमच्या रस्त्यावर ते फुकट मिळतात. कन्या काचेपलीकडे कानाला यंत्र लावून उभी. तिच्या शेजारी फुगेवाला, सोनेरी काड्यांचा चष्मा, रुमालाने ओठ टिपून बोलणारा.

सोडलं. ठण्ण!

काय आवाज होता! भरीव, स्वच्छ, एकच. सांगाडा जमिनीला टेकला, लाथ बसल्यासारखा वर उडाला, एका पायावर गरकन फिरला आणि दगडांवर आडवा झाला. वरची पेटी फुटली. पळापळ. आणि माझे पाय? चारही जसेच्या तसे! एकालाही पोचा नाही. मी खुर्चीवरून उठून पाहिलं.

ते पाहून माझ्याने राहवलं नाही. शेजारच्याला म्हटलं, "सांगाडा लोळला, पण पाय बघा, पाय!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मयताला आलेल्यांना लग्नाची पत्रिका देतोय.

काचेपलीकडे कन्या हलली नाही. कानाचं यंत्र काढून तिने ते टेबलावर अगदी हळू ठेवलं. फुगेवाल्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून काही म्हटलं. काचेमुळे ऐकू आलं नाही, पण असे हात मी ओळखतो.

समितीची बैठक होईपर्यंत पाय उघडायचे नाहीत म्हणे. आहेत तसे कुलपात. नियम. यांना काही दुरुस्त करायचं असलं की आधी त्याला कुलूप लावतात.

१ मार्च

कन्या आली आणि जेवली नाही. ताटासमोर कागद पसरून आकडेमोड करत बसली. तिचं म्हणणं, पोळं किती जोर आल्यावर चेचावं याचा हिशेब तिने स्वतः केला होता, तोच कुठेतरी चुकला असणार. कारण पाय चेचलेच नाहीत.

मी म्हटलं, "पाय मोडले नाहीत म्हणून रडणारे मी पहिल्यांदाच पाहतोय."

"बाबा, प्लीज."

थोड्या वेळाने मान वर न करता तिने विचारलं, "जोडणी चित्राप्रमाणेच होती ना?"

"तू फोनवर सांगितलंस तसंच. नीट बसवलंय."

"मग माझंच काहीतरी," ती म्हणाली आणि पुन्हा आकड्यांत शिरली.

ही स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. हिचं बघणं मला कळत नाही असं नाही, पण दर वेळी कळून घेतलंच पाहिजे असंही नाही.

५ मार्च

कन्या फोन उचलत नाही. हिला मेसेज आला, "तपासतेय." हिने त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, ही मंडळी आयुष्यभर तपासतात.

झोपताना पितळी बुशचा विचार दोनदा आला. चांगलं काम डोक्यात राहतंच.

१० मार्च

समिती. आजचा दिवस सविस्तर लिहितो, कारण आज मी त्या खोलीची बोलती बंद केली.

लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. बाटलीतलं पाणी कोणी पीत नाही, झाकण फिरवत बसतात. अध्यक्षबाई वयस्कर, पांढरे केस बारीक कापलेले, कमी बोलणाऱ्या. आवाज घासलेला. त्या एकट्या बाईंबद्दल मला जरा आशा वाटली.

कन्या उभी राहिली. भिंतीवर आलेख होते, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. आवाज बसला होता. म्हणाली, "हिशेब पुन्हा पुन्हा तपासला. चूक सापडत नाही. पण पाय चेचले नाहीत ही गोष्ट खरी आहे, त्यामुळे चूक माझी आहे असं धरूनच चालावं लागेल."

असं कोणी बोलतं का? गिऱ्हाइकासमोर? मी तिला एवढं तरी शिकवायला हवं होतं.

मग फुगेवाल्याने रुमाल काढला. "एक शक्यता नोंदवतो. पोळं नळीत प्रमाणाबाहेर सैल असेल तर तिरकं होऊन अडकू शकतं. काम शेवटी गॅरेजमध्ये वाढलेल्या कारखान्याचं आहे. मी कोणाला दोष देत नाही. घरचा कारखाना म्हटल्यावर तपासणीत थोडी माया असायचीच."

सैल!

त्याने मला चोर म्हटलं असतं तर मी हसून सोडलं असतं. मी उठलो. कोणी विचारल्याशिवाय बिल्लेवाल्याने उठायचं नसतं, पण उठलो.

"ओ साहेब, माझ्या कारखान्यातून सैल वस्तू बाहेर पडत नाही. सैल तुमचं चित्र होतं! त्यात फट होती, बोटभर नाही तरी डोळ्यात भरण्याएवढी. पाय खुळखुळ्यासारखे वाजत होते. मी पितळी बुश मारून फट बुजवली. चारही पायांत. स्वतःच्या हाताने. आणा ते पाय, धरा कानाशी. एवढासुद्धा आवाज आला तर मी कारखान्याला कुलूप लावतो."

बाटल्यांची झाकणं फिरायची थांबली.

"काय मारलं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"बुश."

"कधी?"

"तुमच्या साहेबांचा शिक्का पडल्यावर. आधी मारून त्यांना कशाला त्रास?"

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"बाई, ज्याला कान आहेत त्याला सांगावं लागत नाही."

भिंगवाल्यांनी गळ्यातलं भिंग मुठीत धरलं. फुगेवाल्याचा रुमाल ओठांपाशी तसाच राहिला. कन्या माझ्याकडे बघत होती. उभ्या जागी डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा बघत राहिली.

अध्यक्षबाईंनी तिथेच कुलूप काढायला लावलं. पाय आणले, सील तोडलं, उघडले. पितळी बुश दिव्याखाली असा चमकला, सोन्याचा दागिना वाटावा. सगळे वाकून बघत होते. माझं काम इतकी शिकलेली माणसं इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होती.

"ही पाडणी धरायची नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पाय चित्राप्रमाणे बनवून पुन्हा घ्या. एकदाच. त्यावर निर्णय."

म्हणजे आम्ही जिंकलो. कन्या मात्र कागद गोळा करून सरळ बाहेर गेली. मोठा ताण उतरला की असं होतं.

जिन्यात भिंगवाल्यांनी मला गाठलं. "तुम्ही आत काय सांगितलंत ते तुम्हाला कळलंय का?"

"सगळ्यांसमोर खरं ते सांगितलं."

"हो," ते म्हणाले. "तेच."

माणूस चहा थंड करतो तसंच बोलणंही.

११ मार्च

कन्या सकाळीच आली, रविवार नसताना. पर्समधून केंद्रातल्या चहाच्या मशीनचे कागदी कप काढले. स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणला. मला टेबलाशी बसवलं. आई गं, मला! लहानपणी मी तिला पाढ्यांना बसवायचो तसं.

एक कप टेबलावर उपडा ठेवला. "दाबा."

तळव्याने दाबला. कप चेचला, कडेने फुगला, चपटा झाला.

"काय झालं?"

"कप वाया गेला."

"त्याला पोट सुटलं, बाबा. वरून दाबलं की वस्तू घड्या घालत खाली जाते, आणि घड्या पडायला कडेला जागा लागते." मग दुसरा कप तिने पेल्यात कोंबला, गच्च, आणि त्यात आणखी दोन-तीन कप दाबून भरले. पेला उलटा केला तरी पडेनात. "आता दाबा."

दाबलं. उभं राहून दाबलं. तळव्यावर गोल वळ उठला. कप होते तसे.

"ती फट घड्यांसाठी होती," ती म्हणाली. "तुम्ही बुजवलीत. पाय चेचायला जागाच उरली नाही, म्हणून धक्का सगळा वर गेला."

मी पेला उचलून कानाशी हलवून पाहिला. मग जे तोंडात आलं ते बोललो. "तूच म्हणालीस ना नीट बसलं पाहिजे?"

"हो! बसलं म्हणजे खाली बसलं! चेचलं! केंद्रात आम्ही सगळे असंच म्हणतो."

"आमच्यात बसलं म्हणजे घट्ट बसलं."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. ही दारात आली होती, तीही हसली. मग कन्येचं हसू मध्येच तुटलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा. या इथेच बसून. इतके दिवस मला वाटत होतं की मला काही येत नाही. कोणालाही चहा विचारताना वाटायचं, याला माहीत आहे मला काही येत नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं.

मी म्हटलं, "चहा घेशील?"

"नको," म्हणाली आणि गेली. कप तसेच ठेवून.

ते मी सगळे चेचून पाहिले. फट ठेवून, न ठेवून, थोडी ठेवून. दुपारी बाजारातून आणखी आणले. ही म्हणाली, "पाहुणे यायचेत का?" इतकी शिकलेली माणसं, आणि सगळं ज्ञान कागदी कपात मावतं. मग चित्रावर फटीशेजारी एक ओळ लिहायला यांचे हात मोडतात का? 'ही फट पोटासाठी आहे.' बस. मी काय मूर्ख आहे न कळायला?

उत्तर कोणी मागितलेलं नाही. पुढे लिहीत नाही.

२ एप्रिल

पाय पुन्हा बनतायत. दुसरा कारखाना शोधायला समितीला वेळ नाही, म्हणून मीच. पण भिंगवाले आता लेथच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जोडणी किरकोळ म्हणून ते निघून गेले होते, त्याबद्दल त्यांनाही बोलणी बसली असं ऐकलं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चहा मात्र आता गरम असताना पितात.

फोरमनने आज पहिला पाय जोडला आणि माझ्यासमोर धरला. खडखड. त्याने माझ्याकडे बघितलं, मी भिंगवाल्यांकडे, भिंगवाले पायाकडे.

"मालक," फोरमन हळूच म्हणाला, "नुसती पातळ चकती..."

"पुन्हा नाव काढलंस तर तुलाच पेटीत भरून मंगळावर पाठवीन."

भिंगवाले हसले. त्यांना दात आहेत हे आज कळलं.

स्टोअरमधली पाटी बाहेर काढून पुसून घेतली. ग्रीसच्या डब्यांसाठी वेगळी फळी ठोकली. पाटी लावायचा प्रश्न नाही, ती काही तिकडचं सोडून इथे यायची नाही. पण ग्रीसने अक्षरं खराब होत होती. रंग महागाचा होता.

१८ एप्रिल

पाय पोचवायला टेम्पोत पेटीशेजारी मीच बसलो. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला ते चारही पाय खडखडत होते. उभ्या जन्मात जो आवाज मी कारखान्याबाहेर जाऊ दिला नाही, तो मांडीला मांडी लावून माझ्याबरोबर गावभर फिरला. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काका, भांडी घेऊन चाललात का?" मी हो म्हटलं.

तोच हॉल, तीच वाळू, तोच बिल्ला. फुगेवाला नवा रुमाल घेऊन आलेला. कन्या काचेपलीकडे. आत जाताना माझ्यासमोरून गेली, थांबली, म्हणाली, "वाजतायत ना?"

"निर्लज्जासारखे."

"मग ठीक," म्हणाली आणि गेली. त्या दिवसापासून आम्ही बोललो ते एवढंच.

सांगाडा वर गेला. मी डोळे मिटले. मला बघून कळत नाही, ऐकून कळतं.

सोडलं.

ठण्ण झालं नाही. कर्रर्र झालं. वाळलेल्या पानांच्या पोत्यावर जाड माणूस दमून बसावा तसं. घाणेरडा आवाज. असा आवाज माझ्या मालातून आला असता तर मी गिऱ्हाइकाच्या घरी माफी मागायला गेलो असतो. त्यानंतर दुसरा आवाज ऐकण्यासाठी कान लावून राहिलो: उडाल्याचा, आपटल्याचा, पेटी फुटल्याचा.

काहीच नाही.

डोळे उघडले. सांगाडा दगडांत उभा होता. जरा कललेला, ओझं उतरवून कमरेवर हात ठेवलेल्या हमालासारखा. वरची पेटी शाबूत. भिंतीवरच्या कर्ण्यातून कन्येचा आवाज आला, "चारही बसले." एवढंच. खोकला काढल्यासारखं थांबून पुन्हा म्हणाली, "चारही नीट बसले."

टाळ्या झाल्या. फुगेवाल्यानेही वाजवल्या, हातमोजे घातल्यासारख्या. अध्यक्षबाईंनी समोरच्या कागदावर सही केली आणि पहिल्यांदाच बाटलीतलं पाणी प्यायल्या.

उतरायचं ठरलं ते पायांवरच. अजून यान बांधायचंय, उडायचंय, मग महिनोन्‌महिने प्रवास, आणि शेवटी ती वेडी हवा. त्यात कुठे काय बिघडेल देव जाणे. ही मंडळी असल्या भरवशावर टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या. शेजारचा वाजवत होता म्हणून.

मोजमाप झाल्यावर चेचलेल्या पायांपैकी एक कन्येने सही करून मला घरी न्यायला दिला. जड नव्हता तरी दोन हातांनी दिला. "सोडते तुम्हाला," म्हणाली. दारात उतरताना तिने विचारलं, "रविवारी चहा आहे का?"

"कागदी कपात," मी म्हटलं.

पाय आता बैठकीच्या कपाटात, माझ्या पहिल्या शॉकअपशेजारी ठेवला आहे. ही म्हणाली, "हे मोडकं इथे कशाला?" ती आत गेल्यावर पाय उचलला आणि सवयीने कानाशी धरून हलवला.

खडखडत नाही. घड्या पडल्या, पोट सुटलं, आणि पोळ्याने ती फट आपली आपण भरून काढली आहे. बुशशिवाय. पुन्हा हलवून बघितलं. चिडीचूप.

आत्ता कुठे नीट बसलंय.